हळूबाईची रनिंग रूम

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारलेली नाही. मुलाला नाही, नवऱ्याला नाही, आणि दूध उतू जात असतानाही मला नाही. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून चालत माझ्या खोलीत आल्या, माझ्या खांद्याला हात लावला आणि कानात सांगितलं की दूध वर आलंय. तोवर ते अर्थातच खाली गेलं होतं. मी वैतागून म्हटलं, अहो आई, तिथूनच ओरडायचं ना. तर म्हणाल्या, दूध उद्या परत मिळेल.

आणि अशा घरात सून म्हणून कोण आली, तर मी. मी स्टेशनवर माइकवरून गाड्या पुकारते. माइक बंद पडला तरी माझं काम अडत नाही, असं आमचे स्टेशनमास्तर सांगतात, आणि ते मी कौतुक समजून घेते. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, रेल्वेवाल्यांचं घर आहे, तुझा आवाज तिथे खपून जाईल. कसलं खपतंय! लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी नवऱ्याने काहीतरी विनोद केला, मी खदखदून हसले, आणि पडद्याआडून सासूबाईंचा चेहरा डोकावला, ओठांवर बोट ठेवलेला. मला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

आजारी कुणी नव्हतं. झोपलेले होते, आणि एक-दोन नव्हेत, चांगले वीस-बावीस जण.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ड्रायव्हर आपली गाडी घेऊन आमच्या स्टेशनात येतो, इथे दुसरा ड्रायव्हर चढतो, आणि आलेल्याला काही तासांनी दुसरी गाडी घेऊन परत जायचं असतं. त्याचं घर तर दूर राहिलं. मग मधल्या वेळात त्याने आंघोळ कुठे करायची, जेवायचं कुठे, पाठ कुठे टेकायची? त्यासाठी रेल्वे कंपनी स्टेशनाजवळ एक घर ठेवते. त्याला रनिंग रूम म्हणतात. गाड्यांना वेळकाळ नाही, म्हणून त्या घरातल्या झोपेलाही नाही. कुणाची रात्र सकाळी दहाला सुरू होते, कुणाची भर दुपारी. सासूबाई ते घर चालवतात आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. ड्रायव्हर आणि गार्ड त्यांना तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे हळूबाई. हे नाव त्यांना माहीत आहे. फक्त ते म्हणतानाही हळू म्हणा, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांचे नियम ऐकाल तर थक्क व्हाल. बूट मागच्या, यार्डाकडच्या दारात काढायचे आणि आत मोज्यांवर चालायचं. न्हाणीघरातल्या प्रत्येक नळाच्या तोंडाला फडक्याची पट्टी बांधलेली, म्हणजे पाणी बादलीत पडताना आवाज करत नाही, पट्टीवरून ओघळत जातं. भांड्याला लाकडी डाव. कुकरला या घरात बंदी, कारण त्याला शिट्टी असते. खिडक्यांना जाड काळे पडदे, तेही दुहेरी. रस्त्याकडचं मोठं दार करकरायचं आणि उघडलं की बाहेरचा गोंगाट थेट खाटांपर्यंत यायचा, म्हणून त्यांनी ते कायमचं कुलूपबंद करून टाकलं होतं. एकदा कुणा विक्रेत्याने दुपारी त्या दाराची बेल दाबली आणि सहा माणसं दचकून उठून बसली. त्याच दिवशी सासूबाईंनी पक्कड घेतली आणि बेलची वायर कापली. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही.

आणि उठवण्याची पद्धत तर खास त्यांचीच. त्यांच्या राज्यात घड्याळाचा गजर नाही. ज्याची वेळ झाली त्याच्या खाटेच्या पायथ्याशी त्या जातात आणि चादरीवरूनच त्याच्या पायाचा अंगठा हलकेच दाबतात. शेजारच्या खाटेवरचा कूसही बदलत नाही. हाक मारली की माणूस दचकून उठतो आणि दचकलेलं डोकं इंजिनावर चढू नये, असं त्या मला समजावून सांगायच्या. मी मनात म्हणायचे, काय हे खूळ.

ते खूळ नव्हतं, हे मला नवऱ्याने सांगितलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, ड्रायव्हर होते. त्या काळात या इमारतीचं छप्पर गळायचं, म्हणून कंपनीने रनिंग रूम बंद करून ड्रायव्हरांना बाजारातल्या एका लॉजवर टाकलं होतं. खाली लोखंडी पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान. बाबांचा दिवसभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि संध्याकाळी ते गाडी घेऊन निघाले. पुढे लाल सिग्नल होता. तो दिसला होता, असं ते सांगतात, पण दिसलेलं डोक्यापर्यंत पोचलंच नाही. समोर गाडी उभी होती, तिच्या शेवटच्या डब्यात माणसं खिडकीत हात टेकून बसलेली होती. बाबांची गाडी थांबली तेव्हा त्या माणसांचे चेहरे त्यांना स्वच्छ दिसत होते. कुणाला खरचटलंही नाही. पण बाबा पुन्हा इंजिनावर चढले नाहीत. कंपनीने त्यांना यार्डात झेंडे आणि दिवे सांभाळायला बसवलं, आणि तेव्हापासून ते जेवढ्यास तेवढं बोलतात. पुढे छप्पर दुरुस्त होऊन रनिंग रूम उघडली तेव्हा सासूबाई आपण होऊन गेल्या आणि हे काम मागून घेतलं. त्यांना ठेवलं कंत्राटावर, म्हणजे आज आहे, उद्याचं सांगता येत नाही.

आता कंपनीचं सांगते. साऱ्या देशाची रेल्वे चालवणारी ही कंपनी गेली कित्येक वर्षं तोट्यात आहे. दरवर्षी अहवाल निघतो, पेपरात त्याची बातमी येते, आणि बातमीत असतं की पुढच्या तीन वर्षांत परिस्थिती सुधारेल. ती तीन वर्षं मी लहानपणापासून ऐकते आहे. खर्च कमी करायचा म्हणून भरती थांबवली. आमच्या स्टेशनवर कुणी निवृत्त झाला की त्याच्या मागे त्याची खुर्चीही जाते, आणि त्याचं काम शेजारच्याच्या बोकांडी बसतं. मी गाड्या पुकारते आणि हरवलेलं सामानही सांभाळते, कारण सामानवाले गृहस्थ गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पण एका बाबतीत कंपनी अजून गर्भश्रीमंत आहे, आणि ते म्हणजे जमीन. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवणारी तळी, गोदामं, मैदानं, क्वार्टरं, कुणी न पाहिलेले माळ. म्हणून मग वर एक नवा मालमत्ता विभाग निघाला. रिकाम्या पडलेल्या जागा शोधा, विका, आणि त्या पैशातून नवी इंजिनं घ्या, असा बेत. उगाच नावं ठेवणार नाही, बेत वाईट नव्हता. आमच्या समोरच्या गोदामात वर्षानुवर्षं कबुतरांशिवाय कुणी राहत नव्हतं, आणि कबुतरं काही भाडं देत नव्हती.

तर या मालमत्ता विभागाने जागा बघायला एक तरुण मोजणीदार पाठवला. एका दुपारी तो आमच्या रस्त्याकडच्या दाराशी आला. पायरीवर धूळ, कुलपाला गंज, खिडक्यांत काळोख. त्याने बेल दाबली, ती कशाला वाजतेय? कान देऊन ऐकलं, तर आत चिटपाखरूही नाही. त्याने बाहेरून फोटो काढले, फीत लावून मापं घेतली आणि निघून गेला. सासूबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीतून बघत होत्या. मी कामावरून आले तेव्हा त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, आज कंपनीचा एक मुलगा आला होता, भारी शहाणा, दार न ठोठावता आपलं काम करून गेला.

शहाण्या मुलाने आपलं काम केलंच होतं. त्याने लिहिलं, इमारत रिकामी, वापरात नाही.

आणि हे आम्हाला कसं कळलं? विक्रीची नोटीस चिकटवली होती रस्त्याकडच्या दारावर, आणि त्या दाराकडे आम्ही कुणी फिरकतच नव्हतो. ती तिथे ऊन खात पडली होती. शेवटी समोरचा शिंपी एका सकाळी मला अडवून म्हणाला की वहिनी, तुमचं घर विकायला काढलंय आणि तुम्ही निवांत कामावर चाललात, कमाल आहे. मी रस्ता ओलांडून नोटीस वाचली. स्टेशनलगतचा मोक्याचा भूखंड, त्यावरची रिकामी इमारत पाडण्यास योग्य, इच्छुकांनी पुढच्या मंगळवारी प्रत्यक्ष पाहणीस यावे. माझ्या पायाखालची जमीन सरकली. अक्षरशः तीच जमीन विकायला होती.

स्टेशनमास्तरांकडे धावले. ते बिचारे आधीच हैराण होते. त्यांनी वर फोन केला होता, तर मालमत्ता विभाग म्हणाला की आमच्या कागदावर ती इमारत रिकामी आहे, आणि ड्रायव्हरांच्या झोपण्याची सोय बघणं हे दुसऱ्या विभागाचं काम. दुसरा विभाग म्हणाला, इमारत गेली तर हरकत नाही, आम्ही हमरस्त्यावरच्या एका लॉजशी बोलतो.

लॉज हा शब्द मी घरी जाऊन सांगायला नको होता. बाबा बूट पुसत होते, ते तसेच थांबले. सासूबाई खाली बसल्या. त्यांना नोकरीची पडली नव्हती, दोन खोल्यांचीही नाही. त्या एवढंच म्हणाल्या की हमरस्त्यावर रात्रंदिवस ट्रक असतात. मग उठल्या आणि आत कुणाची तरी वेळ झाली होती, त्याचा अंगठा दाबायला गेल्या.

मी मात्र गप्प बसणारी नव्हते. संध्याकाळी युनियनच्या सेक्रेटरीला घरी घेऊन आले. तो गार्ड आहे, आडदांड आणि दिलदार. हळू बोलताना त्याला घाम फुटतो. त्याचा बेत तयार होता. मंगळवारी गिऱ्हाइकं येतील तेव्हा झाडून सगळे ड्रायव्हर आणि गार्ड रस्त्याकडच्या दारासमोर उभे करायचे, घोषणा द्यायच्या, आणि माइकवर कोण, तर मी. अहाहा! इतकी वर्षं ज्या घरात मी कुजबुजत जगले, त्याच घरासाठी गळा फाडून ओरडायचं. मी घोषणाही रचायला लागले होते.

सासूबाई म्हणाल्या, नाही.

पुढे म्हणाल्या, मंगळवारी दुपारी आत जे झोपलेले असतील त्यांना संध्याकाळच्या आणि रात्रीच्या गाड्या न्यायच्या आहेत. त्यांना बाहेर उन्हात उभं करायचं, ते नाही उभे राहिले तरी बाहेर ओरडायचं, हे मला जमणार नाही. सेक्रेटरी समजावू लागला. तुमच्याच भल्याचं आहे, घर गेलं तर रोजचीच झोप जाईल, लोक तयार आहेत, खुशीने तयार आहेत. माझं तर डोकंच फिरलं होतं. मी म्हटलं, आई, शत्रू दारात आलाय आणि तुम्ही पडदे सारखे करताय. शेवटी सेक्रेटरी काकुळतीला येऊन म्हणाला, "मावशी, एक दिवस नाही झोपले तर काय बिघडतं?"

कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "माझाही एकच दिवस होता."

बस्स. सेक्रेटरीने मान खाली घातली. मला बाबांकडे बघवेना. मग मी चिडूनच सासूबाईंना विचारलं की मग मंगळवारी करायचं तरी काय, हातावर हात ठेवून बसायचं? त्या म्हणाल्या, त्यांना बघायचंय ना, मग बघू देत. मला त्या रात्री त्यांचा इतका राग आला होता की मी जेवले नाही. घर हातचं चाललंय, आणि या बाई नळाच्या पट्ट्या बदलत बसल्या होत्या.

मंगळवार उजाडला. मी सुट्टी घेतली होती. दुपारी दोन मोटारी रस्त्याकडच्या दाराशी थांबल्या. एकीतून मालमत्ता विभागाच्या मुख्य मॅडम उतरल्या, सकाळच्याच गाडीने आलेल्या. त्यांच्याबरोबर तो मोजणीदार. दुसरीतून एक हॉटेलवाला, गुबगुबीत, बोटांत अंगठ्या, हातात फोन. त्याला तिथे पाच मजली हॉटेल बांधायचं होतं आणि तो फुटपाथवर उभा राहून हवेतच मजले दाखवत होता. मोजणीदाराने किल्ल्यांचा जुडगा काढला. एकही लागेना. मग त्यांनी बरोबर आणलेल्या कुलूपवाल्याला खूण केली. त्याने पिशवीतून हातोडा काढला, कुलपावर नेम धरला आणि हात वर नेला.

तो हात खाली आलाच नाही. सासूबाई इमारतीला वळसा घालून आल्या होत्या, मोज्यांवर, रस्त्यावरून, आणि त्यांनी मागून त्याचं मनगट धरलं होतं. कुलूपवाला एवढा दचकला की हातोडा त्याच्याच हातातून सुटून धुळीत पडला. तो मऊ जागी पडला म्हणून बरं, नाहीतर त्याची धडगत नव्हती.

"आत माणसं झोपली आहेत," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमना ऐकूच गेलं नाही. त्यांना पुढे वाकावं लागलं. पुन्हा ऐकल्यावर त्यांनी मोजणीदाराकडे पाहिलं, मोजणीदाराने हातातल्या कागदांकडे. मॅडम म्हणाल्या की आमच्या नोंदीनुसार इथे कुणी राहत नाही. आवाज सरकारी होता, पण तोही आपोआप खाली आला होता. माझ्या जिभेवर दहा उत्तरं तयार होती. सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्यांना म्हणाल्या, "मागच्या बाजूने या. बूट दारात काढा. आणि काही विचारायचं असलं तर बाहेर आल्यावर विचारा."

आणि गंमत बघा, सगळे निमूट गेले. मागच्या दारात बुटांच्या रांगा होत्या, ड्रायव्हरांचे जड बूट, जोडीजोडीने लावलेले. तिथेच मॅडमचा चेहरा बदलला. रिकाम्या घराच्या दारात कुणी एवढे बूट ठेवत नाही. त्यांनी आपल्या चपला त्यांच्या शेजारी ठेवल्या. हॉटेलवाल्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो त्याने दुसऱ्या पायाखाली लपवला.

आत सगळा काळोख. डोळे सरावायला वेळ लागला. मग एकेक खाट दिसू लागली, भिंतीपर्यंत रांगेने, आणि प्रत्येकीवर माणूस. कुणी पालथा, कुणी चादरीत गुरफटलेला, कुणाचे हात डोक्याखाली. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा ड्रायव्हर तोंड उघडं टाकून तान्ह्या बाळासारखा झोपला होता. बारीक घोरणं, पंख्यांची मंद घरघर, बाकी काही नाही. मी त्या घरात इतकी वर्षं राहिले, पण त्या खोलीत उभी राहून ही माणसं अशी कधी बघितली नव्हती. मी घोषणा देणार होते या माणसांच्या उशाशी.

तेवढ्यात सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पाहुण्यांना तिथेच सोडून त्या खिडकीखालच्या खाटेशी गेल्या. चादरीवरून अंगठा दाबला. तो ड्रायव्हर उठला, म्हणजे नुसते डोळे उघडले, थोडा वेळ छताकडे बघितलं, मग बसला. सासूबाईंना मान लववली. चादरीची घडी घातली, उशीवर ठेवली आणि आमच्या शेजारून न्हाणीघराकडे गेला. एवढी परकी माणसं उभी, पण त्याला त्यांचं काही नव्हतं. चेहरा असा ताजा होता की बघत राहावं.

मॅडम न राहवून सासूबाईंच्या कानाशी गेल्या. "यांची कोणती गाडी?"

"दुपारची एक्सप्रेस," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमचं परतीचं तिकीट त्याच गाडीचं होतं, हे मोजणीदाराने मला नंतर सांगितलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि त्या रिकाम्या झालेल्या खाटेकडे, घडी घातलेल्या चादरीकडे बघत राहिल्या. हॉटेलवाल्याच्या हातात फोन थरथरला, तशी तो गुबगुबीत माणूस फोन पोटाशी दाबून टाचा उचलत पळाला आणि यार्डातल्या खडीवर नुसत्या मोज्यांनी नाचत बोलू लागला. तेही कुजबुजत.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी श्वास सोडला. मोजणीदार रडकुंडीला आला होता. तो पुन्हा पुन्हा सांगत होता की मी बेल दाबली होती, खरंच दाबली होती. मी त्याला चांगलं फैलावर घेणार, तोच सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, वायर मीच कापली होती, तुझी काही चूक नाही, त्या दिवशी तू दार ठोठावलं नाहीस म्हणून मी तुझं कौतुक करत होते. तो पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

हॉटेलवाल्याने बूट शोधता शोधता मॅडमना सांगून टाकलं की ही जागा मला नको. माझ्या हॉटेलात लोक एवढे पैसे मोजतात आणि सकाळी तक्रार करतात की झोप लागली नाही, म्हणाला. मग सासूबाईंकडे वळून विचारलं, तुम्ही माझ्याकडे कामाला येता का? सासूबाई म्हणाल्या, तुमच्याकडे लिफ्ट असेल, तिचा आवाज येतो. तो खो खो हसणार होता, त्याने स्वतःच तोंडावर हात दाबला.

पण लढाई अजून जिंकली नव्हती. मॅडम म्हणाल्या की विक्रीची यादी त्यांच्या सहीने वर संचालकांकडे गेलेली आहे, आता नाव काढायचं तर त्यांना स्वतःला जाऊन आपल्या विभागाची चूक कबूल करावी लागेल, आणि वर सगळ्यांना फक्त पैसे दिसतात. करीन असं म्हणाल्या नाहीत. चपला घातल्या, सासूबाईंचा हात क्षणभर हातात धरला आणि एक्सप्रेस गाठायला गेल्या. ती गाडी मीच पुकारली. माझी सुट्टी होती, तरी मी माइकपाशी गेले, कारण मला ती त्या दिवशी स्वतः पुकारायची होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. सासूबाई वरवर शांत. पण मी पाहिलं, त्या एकाच खाटेवरची चादर दोनदा बदलायच्या, चहात साखर विसरायच्या. नवरा म्हणाला, आईला असं कधी पाहिलं नव्हतं. बाबा यार्डातून येताना रोज रस्त्याकडच्या दाराला वळसा घालून यायचे, नोटीस अजून आहे का ते बघायला. ती असायची.

आणि एके दिवशी भर दुपारी स्टेशनमास्तर माझ्या खोलीत आले. धापा टाकत होते. वरून फोन आला होता. मी ऐकलं, पुन्हा सांगायला लावलं, आणि धावत सुटले. फलाट, पूल, यार्ड, कशी आले मला माहीत नाही. येताना सबंध वाट बातमी घशात उसळत होती. मागच्या दारात पोचले, तोंड उघडलं, आणि दारातल्या बुटांच्या रांगा दिसल्या. खोली भरलेली होती. आता सांगा, देशातली सगळ्यात मोठी बातमी आणि ती मी, मी, कुजबुजून सांगायची!

अंगणात सासूबाई चादरी वाळत घालत होत्या, बाबा चिमटे देत होते, आणि सेक्रेटरी व आणखी पाच-सहा ड्रायव्हर चहाचे मग घेऊन भिंतीला टेकले होते. मी सगळ्यांना हाताने जवळ बोलावलं, घोळका केला आणि सांगितलं. मॅडम स्वतः संचालकांपुढे उभ्या राहिल्या. रनिंग रूम यादीतून काढली. नुसती काढली नाही, शेजारच्या जंक्शनचे ड्रायव्हर लॉजवर असतात, तेही आता इथे झोपायला येणार. वरचा मजला दुरुस्त होणार. मदतीला दोन माणसं मिळणार, भरती बंद असतानाही. आणि आईंचं कंत्राट संपलं, त्या आता कंपनीच्या कायमच्या नोकर. पैसे कुठून, तर समोरचं कबुतरांचं गोदाम त्याच हॉटेलवाल्याने घेतलंय.

पुढे जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सेक्रेटरीने आपला टॉवेल तोंडात कोंबला आणि दोन्ही हात आभाळाकडे करून उड्या मारायला लागला, मोज्यांवर, जराही आवाज न करता. पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर शेजारच्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडला. दोघे जण कमरेत हात घालून गोल गोल फिरू लागले. एकाने मोठ्याने टाळी वाजवायला हात उचलले आणि मध्येच थांबवून ते हवेत नुसते हलवले, मग सगळेच तसं करायला लागले. एवढे बाप्ये, एवढे जाडजूड, वाळत्या चादरींमध्ये नाचत होते आणि यार्डातल्या इंजिनाच्या धडधडीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी हसता हसता रडत होते आणि पोट दाबून जमिनीवर बसले होते. नवरा कामावरून धावत आला, त्याने हे दृश्य पाहिलं आणि काय झालं हे न विचारताच नाचात घुसला.

बाबांनी हातातले चिमटे बादलीत ठेवले. ते सासूबाईंसमोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांच्या गालावरून हात फिरवला. सासूबाईंनी त्यांचा हात तसाच गालाशी धरून ठेवला. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी आत घड्याळाकडे वाकून पाहिलं आणि लगबगीने खोलीत गेल्या. मीही त्यांच्या मागे गेले.

दाराजवळच्या खाटेवर एक असिस्टंट ड्रायव्हर झोपला होता, अगदी नवीन, पहिल्याच महिन्यातला. आमची चाहूल लागून की काय, त्याने डोळे किलकिले केले. सासूबाईंच्या गालांवरचं पाणी त्या काळोखातही चमकलं असावं. तो कोपरावर उठू लागला.

"मावशी, काय झालं?"

सासूबाईंनी त्याची चादर खांद्यापर्यंत ओढली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"काही नाही रे. झोप. अजून वेळ आहे तुझ्या गाडीला."